मिरा-भाईंदरचे नाव बदलावे का?

पश्चिम रेल्वेने दहिसर सोडले की लागोपाठ दोन स्थानके येतात, मिरा रोड आणि भाईंदर. या दोन पाट्यांभोवती वाढलेल्या शहरात १९९१ साली सुमारे पावणेदोन लाख माणसे राहत होती. २००१ मध्ये हा आकडा पाच लाख वीस हजारांवर गेला आणि २०११ मध्ये आठ लाख नऊ हजारांवर. पुढची जनगणना रखडली, वाढ मात्र चालूच राहिली. महाराष्ट्रात याच काळात शहरांची नावे भराभर बदलली. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, आणि २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरला ईश्वरपूर हे नाव देण्याची घोषणा झाली. अशा वातावरणात मिरा-भाईंदरविषयीही हा प्रश्न विचारावाच लागतो. दोन गावांची नावे आडव्या रेघेने जोडून एवढ्या मोठ्या शहराची ओळख भागते का, की त्याला स्वतःचे, एकसंध नाव हवे?

माझे मत आधीच सांगतो. हे नाव बदलू नये. पण बदलाच्या विरोधात नेहमी जी कारणे दिली जातात ती मला पटत नाहीत, आणि बदलाच्या बाजूनेही विचार करण्यासारखे बरेच काही आहे. म्हणून हा प्रश्न सगळ्या बाजूंनी पाहायला हवा.

आधी हे नाव आले कुठून? १२ जून १९८५ रोजी पाच ग्रामपंचायती एकत्र करून मिरा-भाईंदर नगर परिषद स्थापन झाली. पुढे आणखी चार ग्रामपंचायती तीत आल्या, आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. या क्षेत्रात मिरा, काशी, घोडबंदर, पेणकरपाडा, नवघर, गोडदेव, खारी, भाईंदर ही गावे आहेत. पश्चिमेला समुद्राच्या दिशेने राई, मुर्धे, मोर्वे, डोंगरी, तारोडी, उत्तन, पाली आणि चौक आहेत. आगऱ्यांची शेती आणि मिठागरे, कोळ्यांच्या होड्या, उत्तन-डोंगरीकडची जुनी ख्रिस्ती वस्ती असा हा मुलूख. पाटीवर मात्र दोघांनाच जागा मिळाली. ती का मिळाली हे ओळखणे अवघड नाही. रेल्वेची स्थानके या दोन नावांची होती.

त्यातले भाईंदर हे खाडीकाठचे, मिठागरांचे आणि रेतीबंदराचे जुने गाव, स्थानकाला लागूनच. मिरा गाव मात्र स्थानकापासून लांब, महामार्गाच्या अंगाला. म्हणून रेल्वेने स्थानकाला ‘मिरा रोड’ म्हटले. वसई रोड, केळवे रोड, डहाणू रोड, नाशिक रोड ही नावे याच पद्धतीची आहेत. गाव इथे नाही, इथून रस्ता तिकडे जातो, एवढेच त्या ‘रोड’ने सांगायचे असते. पुढे खाजणांत आणि शेतांत भराव पडला, इमारती स्थानकाभोवती उठल्या, आणि स्थानकाचे नाव वस्तीचे नाव झाले. इथला माणूस कुठे राहतो विचारले तर ‘मिरा रोडला’ किंवा ‘भाईंदरला’ असेच सांगतो. ‘मिरा-भाईंदर’ हे जोडनाव महापालिकेच्या पाणीपट्टीवर, बातम्यांत, २००८ च्या पुनर्रचनेत झालेल्या विधानसभा मतदारसंघाला आणि १ ऑक्टोबर २०२० पासून कामाला लागलेल्या पोलीस आयुक्तालयाला. त्या आयुक्तालयाच्या नावात तर चार गावे आहेत: मिरा-भाईंदर, वसई-विरार.

बदल हवा म्हणणाऱ्यांचा सगळ्यात बळकट मुद्दा इथेच आहे. जे नाव लोकांच्या तोंडी नाही, ते शहराचे नाव कसे? दोन स्थानकांचे लोक एकमेकांना शेजारी मानतात, पण एका गावचे मानत नाहीत. शिवाय रेल्वेरुळाने पूर्व-पश्चिम अशी आणखी एक फाळणी केलेली. एक नाव असेल तर एकपणाची भावना वाढेल, बाहेरच्या माणसाला आपण ‘मुंबईला राहतो’ असे मोघम सांगावे लागणार नाही, असे हे म्हणणे आहे. आणि नावाच्या लेखनातही एकवाक्यता नाही. महापालिका ‘मिरा’ लिहिते, दुकानांच्या पाट्यांवर सर्रास ‘मीरा’ दिसते, आणि सातबाऱ्यावर ‘मौजे मिरे’ अशी नोंद आढळते.

दुसऱ्या बाजूचे नेहमीचे उत्तर असते की नाव बदलून पाणी येणार नाही, खड्डे बुजणार नाहीत, लोकलची गर्दी कमी होणार नाही. पाण्यासाठी हे शहर किती वर्षे वाट पाहत आले आहे हे सूर्या प्रकल्पातल्या रोजच्या २१८ दशलक्ष लिटरच्या हिश्श्याची चर्चा ऐकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही मला हे उत्तर कच्चे वाटते. नाव आणि पाणी यांत निवड करायची असते असे नाही. एक माणूस दोन्ही मागू शकतो. आणि नाव ही क्षुल्लक गोष्ट असती तर मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव जुलै १९७८ मध्ये विधिमंडळात झाल्यावर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या नसत्या आणि १४ जानेवारी १९९४ पर्यंत ती लढाई चालली नसती. त्या लढाईत माणसांनी जीव दिले. नावाने पोट भरत नाही असे त्यांना कुणी सांगायला हवे होते काय? ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाटीवर जागाच मिळाली नाही, त्यांच्यासाठी ती पाटी म्हणजे माणूस म्हणून झालेली नोंद होती. शेवटी जो तोडगा निघाला त्याला नामविस्तार म्हटले गेले. ‘मराठवाडा’ राहिले आणि त्याआधी बाबासाहेबांचे नाव आले. या तोडग्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

खर्चाचा मुद्दाही असाच. पाट्या, शिक्के, कागदपत्रे, संकेतस्थळे बदलायला पैसा लागतो हे खरे आहे, पण तो एकदाच लागतो. लोकांना मनापासून हवा असलेला बदल केवळ शिक्क्यांच्या खर्चासाठी अडवावा, हे मला मान्य नाही.

मग कायदा काय म्हणतो? राज्याचे नाव बदलायला संसदेचा कायदा लागतो, शहराचे किंवा गावाचे बदलायला लागत नाही. स्थानिक संस्थेचा ठराव, राज्य सरकारचा निर्णय आणि केंद्रीय गृह मंत्रालयाचे ना-हरकत पत्र, असा हा प्रवास असतो. गृह मंत्रालय रेल्वे, टपाल खाते आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांच्याकडे विचारणा करते. या नावाचे दुसरे ठिकाण आधीच नोंदीत नाही ना, हे त्यात पाहिले जाते. जिल्हा किंवा तालुक्याचे नाव बदलायचे असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली हरकती-सूचना मागवाव्या लागतात. या सगळ्याच्या मुळाशी गृह मंत्रालयाने १९५३ मध्ये राज्यांना पाठवलेल्या मार्गदर्शक सूचना आहेत, आणि त्या आजही वाचाव्यात इतक्या समंजस आहेत. लोकांच्या अंगवळणी पडलेले नाव खास कारणाशिवाय बदलू नये, इतिहासाशी जोडलेली नावे शक्यतो तशीच ठेवावीत, केवळ स्थानिक अभिमानासाठी, भाषिक भावनेसाठी किंवा राष्ट्रीय नेत्यांविषयी आदर दाखवण्यासाठी बदल करू नये, आणि नवे नाव निवडताना जवळपास त्याच नावाचे दुसरे गाव नसावे, असा त्यांचा आशय आहे. देशात या सूचना किती पाळल्या गेल्या हे सगळ्यांना दिसते. गुडगावचे गुरुग्राम २०१६ मध्ये झाले, अलाहाबादचे प्रयागराज २०१८ मध्ये. दुसरीकडे, परकीय आक्रमकांशी जोडलेली सगळी नावे बदलण्यासाठी आयोग नेमा अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०२३ रोजी फेटाळली. देशाला भूतकाळात कोंडून ठेवू नका, असा त्या आदेशाचा रोख होता.

महाराष्ट्रातली नामांतरे एका पठडीतली नाहीत, आणि त्यांचे वेगळेपण पाहिल्याशिवाय मिरा-भाईंदरविषयी बोलण्यात अर्थ नाही. एक प्रकार म्हणजे लोकांच्या जिभेवर असलेले नाव सरकारदरबारी पोहोचणे. मराठी माणूस मुंबईच म्हणत आला होता. १९९५ मध्ये ते इंग्रजी कागदावरही आले. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे २०१८ मध्ये प्रभादेवी झाले तेव्हाही असेच घडले. प्रभादेवी हे त्या भागाचेच नाव होते, त्यामुळे नवे काही शिकावे लागले नाही आणि ते चटकन रुळले.

दुसरा प्रकार संघर्षाचा. ‘संभाजीनगर’ हे नाव शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी १९८८ मध्ये जाहीर सभेत दिले. शिवसेना-भाजप युती सरकारने नव्वदच्या दशकात अधिसूचना काढली, ती न्यायालयात गेली आणि पुढच्या सरकारने मागे घेतली. मग जून २०२२ मध्ये उद्धव ठाकरे मंत्रिमंडळाचा निर्णय, जुलैमध्ये एकनाथ शिंदे मंत्रिमंडळाने त्याला ‘छत्रपती’ जोडून घेतलेला निर्णय, फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मान्यता. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला. त्या शहरातल्या एका मोठ्या वर्गासाठी हा पस्तीस वर्षे उराशी बाळगलेला आग्रह होता, आणि दुसऱ्या मोठ्या वर्गासाठी घरचे नाव काढून घेतले जाण्याचा प्रकार होता. या दोन्ही भावना खऱ्या होत्या. धाराशिवची गोष्ट थोडी निराळी, कारण धाराशिव हे त्या गावाचे जुने नाव परंपरेने लोकांना माहीत होते.

तिसरा प्रकार स्मारकाचा. पुणे जिल्ह्यातले खेड हे हुतात्मा राजगुरूंचे जन्मगाव, म्हणून त्याचे राजगुरुनगर झाले. गाव राजगुरुनगर आणि तालुका अजूनही खेड. परदेशातही जुने नाव असेच मागे उरते. सोव्हिएत राजवट संपताना लेनिनग्राडच्या लोकांनी १९९१ मध्ये मतदान करून सेंट पीटर्सबर्ग हे जुने नाव परत आणले, पण भोवतालचा प्रांत आजही लेनिनग्राडच्याच नावाने ओळखला जातो. नाव बदलण्याची तारीख सरकार ठरवते. ते जुने किती काळ मागे रेंगाळेल हे सरकारच्या हातात नसते.

चौथा प्रकार नव्या शहराला नाव देण्याचा. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसवले गेले, आणि ऑगस्ट १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. नदीचे नाव, कुणाशी भांडण नाही, आणि छावणीच्या क्रमांकांपेक्षा माणसाला शोभणारे. सगळे गमावून आलेल्या लोकांना तिथे पहिल्यांदा एक पत्ता मिळाला होता. जिथे नाव नव्हते तिथे ते देणे, हे नामकरण माझ्या मते सगळ्यात निरोगी.

मिरा-भाईंदर यांपैकी कशात बसते? इथे लोकांच्या जिभेवर कागदापेक्षा वेगळे असे एक नाव नाही, त्यामुळे पहिला प्रकार लागू नाही. इथल्या कुणाही समाजाला या नावाने कमीपणा येत नाही. आणि नावाविना राहिलेली ही वसाहतही नाही. उलट नावे जरा जास्तच आहेत.

जोडनावाची लाज वाटण्याचेही कारण नाही. महाराष्ट्रात अशी शहरे कितीतरी आहेत. कल्याण-डोंबिवली, भिवंडी-निजामपूर आणि १९९८ मध्ये तीन नावे घेऊन उभी राहिलेली सांगली-मिरज-कुपवाड महापालिका. पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० मध्ये झाली तेव्हा तीत आकुर्डी आणि भोसरीही होत्या, पण नावात दोनच गावे आली. सगळ्यात खटकणारे उदाहरण खाडीपलीकडचे. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका झाली तेव्हा नालासोपारा नावातून गळाले. ज्या सोपाऱ्याला सम्राट अशोकाचे शिलालेख सापडले, जे प्राचीन काळी पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर होते, त्याला महापालिकेच्या पाटीवर जागा नाही. जोडनावाचा खरा दोष हाच आहे. दोघांना घेतले की बाकीचे गळतात.

पण त्याच नालासोपाऱ्यात एक चांगली गोष्टही आहे. नाळे आणि सोपारा ही मुळात दोन गावे. स्थानकाने आणि लोकांच्या बोलण्याने ती एकच करून टाकली, आता मधली फट ऐकूही येत नाही. मिरा-भाईंदरमध्ये तर असे उदाहरण महामार्गावरच उभे आहे. काशी आणि मिरा या दोन गावांचे काशीमिरा झाले. रिक्षावाला, ट्रकचालक, पोलीस ठाणे, सगळे हेच म्हणतात. एकसंध नाव बोलण्यातून घडते याचा पुरावा म्हणून युरोपात १८७३ मध्ये बुडा आणि पेस्टचे बुडापेस्ट झाले ते सांगतात. आपल्याला तितके लांब जायची गरज नाही.

आता समजा, नाव बदलायचे ठरलेच, तर कोणते ठेवायचे? इथे चर्चा खरी गुंतागुंतीची होते. या भूमीच्या इतिहासातले सगळ्यात हक्काचे नाव आहे धारावी. भाईंदरच्या पश्चिमेला उत्तन, डोंगरीपासून गोराई, मनोरीपर्यंतचा जो भाग, त्याला जुन्या कागदांत धारावी बेट म्हणतात. तारोडीला धारावी देवीचे मंदिर आहे, चौकला धारावी किल्ला आहे. वसईच्या खाडीच्या मुखावर बसलेला हा किल्ला चिमाजी अप्पांच्या मोहिमेत फार मोलाचा होता. खाडीत येणारी पोर्तुगीज गलबते इथून रोखता येत होती. १७३९ मध्ये तो मराठ्यांकडे आला आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. इतका सन्मानाचा इतिहास असलेले हे नाव आज उच्चारले की देशभरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे माहीमजवळची दाट वस्ती येते. सारख्या नावाने गोंधळ नको, हा १९५३ चा नियम इथे सरळ आडवा येतो.

दुसरे नाव साष्टी. मुंबईची उपनगरे, ठाणे आणि मिरा-भाईंदर ज्या बेटावर आहेत ते बेट म्हणजे साष्टी. पण मग साष्टीवर अंधेरी-बोरिवलीचाही तितकाच हक्क, आणि गोव्यात साष्टी तालुका आहेच. घोडबंदर म्हणावे, तर ते नाव आपल्या हातून कधीच निसटले. पोर्तुगीजकालीन किल्ला आणि मूळ गाव आजही मिरा-भाईंदरच्या हद्दीत आहे, पण ‘घोडबंदर रोड’ म्हटले की लोकांना ठाण्याचे कासारवडवली, मानपाडा आठवते. रस्ता ज्या गावाकडे जातो त्या गावाचे नाव रस्त्याने नेले. नवघर म्हणावे, तर नवघर वसईलाही आहे, मुलुंडलाही आहे.

राहिला महापुरुषांच्या नावाचा मार्ग. चिमाजी अप्पांचे नाव पुढे आले तर त्याला इतिहासाचा आधार नक्कीच आहे. पण या शहरात मारवाडी, गुजराती, जैन, उत्तर भारतीय, दक्षिण भारतीय आणि मुस्लिम समाज मोठ्या संख्येने राहतात. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबई सोडून आलेली कितीतरी मुस्लिम कुटुंबे मिरा रोडच्या नया नगरमध्ये स्थिरावली. त्यांच्यासाठी हे शहर म्हणजे भीतीतून सुटकेची जागा होती. अशा ठिकाणी एक नाव पुढे आले की समोरून दुसरे येणार, आणि मग प्रश्न नावाचा राहत नाही. जानेवारी २०२४ मध्ये अयोध्येतल्या राम मंदिराच्या सोहळ्याच्या आदल्या रात्री इथे जी जातीय झटापट झाली आणि पुढे तणाव किती दिवस राहिला, ते अजून कुणी विसरलेले नाही. २०२५ मध्ये तर भाषाच रस्त्यावर आली. मराठी न बोलल्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली, त्याविरुद्ध व्यापाऱ्यांनी मोर्चा काढला, आणि ८ जुलैला मराठी माणसांच्या मोर्चाला परवानगी नाकारून कार्यकर्त्यांना ताब्यात घेतल्यावर लोक आणखी मोठ्या संख्येने रस्त्यावर आले. मारहाणीचे समर्थन मी करणार नाही. पण इथल्या मराठी माणसाच्या मनात, आपल्याच गावात आपण दिसेनासे झालो आहोत, ही जी ठसठस आहे ती मला पूर्णपणे कळते. आणि माझ्या मते तिचे मूळ शहराच्या मोठ्या नावात नाहीच.

कारण या शहराचे खरे नामांतर केव्हाच होऊन गेले आहे. त्याला ना ठराव लागला, ना राजपत्र, ना हरकती-सूचना. ऐंशीच्या दशकापासून शेते आणि मिठागरे विकली जात गेली, त्यांवर संकुले उभी राहिली, आणि प्रत्येक संकुलाच्या कमानीवर बिल्डरने स्वतःला हवे ते नाव लिहिले. शांती नगर, पूनम, कनकिया, बेव्हर्ली पार्क, सिल्व्हर पार्क, गोल्डन नेस्ट, क्वीन्स पार्क. रिक्षात बसताना हीच नावे सांगायची, बसथांब्यावर हीच वाचायची, नवी मुले हीच शिकणार. गोल्डन नेस्टच्या चौकात उभे राहून गोडदेव किंवा नवघर कुठे आले असे नवख्या माणसाला विचारून पाहा. तो ज्या जमिनीवर उभा आहे तीच कदाचित त्या गावाची असेल. इथे घर घेतलेल्या प्रत्येकाच्या करारनाम्यात मात्र पहिल्याच पानावर लिहिलेले असते: मौजे नवघर, किंवा मौजे खारी, किंवा मौजे पेणकरपाडा, तालुका ठाणे. पुढे सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर. म्हणजे माणूस कायद्याने नवघरचा रहिवासी असतो, आणि आयुष्यभर त्याला ते ठाऊक नसते.

याच्या उलट नवी मुंबई पाहा. सिडकोने १९७० नंतर गावांच्या जमिनी घेतल्या, आणि प्रकल्पग्रस्तांवर जो अन्याय झाला त्याबद्दल त्या गावांनी रक्त सांडून लढा दिला. पण एक गोष्ट तिथे टिकली. वाशी, तुर्भे, सानपाडा, नेरूळ, घणसोली, ऐरोली, खारघर या नावांनीच वसाहती आणि स्थानके ओळखली गेली. वर ‘नवी मुंबई’ हे आधुनिक नाव आणि आत गावे जागच्या जागी. म्हणूनच विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव मिळावे म्हणून २०२१ मध्ये भूमिपुत्र हजारोंनी रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांना आपण कुठले हे नव्याने सांगावे लागले नाही. त्यांची गावे नकाशावर वाचता येत होती.

मिरा-भाईंदरमध्ये गावे परत येण्याची एक वाट अनपेक्षितपणे मेट्रोने उघडली आहे. दहिसरहून येणाऱ्या मेट्रो ९ च्या मार्गावर दोन स्थानकांची नावे आहेत मिरागाव आणि काशीगाव. रेल्वेने ज्या गावाला ‘रोड’ जोडून दूर ठेवले होते, ते अखेर स्वतःच्या नावानिशी नकाशावर येत आहे. मला याचा मनापासून आनंद आहे. त्याच मेट्रोच्या कारशेडसाठी राई, मुर्धे, मोर्वे भागातली जमीन घेण्याला गावकऱ्यांनी विरोध केला, आणि नंतर ती डोंगरी-उत्तनकडे नेण्यात आली तेव्हा तिथल्या झाडांसाठी लोक उभे राहिले. मुंबईच्या वर्तमानपत्रांत या गावांची नावे इतक्या वेळा पहिल्यांदाच छापली गेली असतील. गाव जिवंत आहे हे गावाने भांडून दाखवले.

म्हणून नामांतरापेक्षा मला नामविस्ताराचा विचार इथे जवळचा वाटतो, आणि तोही शहराच्या पाटीवर नव्हे, तिच्या आत. मिरा-भाईंदर हे नाव राहू द्यावे. दोन गावे जोडून शहर झाले, एवढे तरी ते खरे सांगते. पण प्रभाग कार्यालयांना, चौकांना, उद्यानांना, शाळांना आणि परिवहनच्या बसथांब्यांना त्या त्या जागेच्या गावाचे नाव द्यावे. संकुलाचे नाव खाली असायला हरकत नाही. गावठाणाची हद्द जिथे सुरू होते तिथे पाटी असावी. धारावी किल्ल्याकडे जाणाऱ्या प्रत्येक फाट्यावर ‘धारावी बेट’ हे शब्द दिसावेत, म्हणजे ते नाव दुसऱ्या धारावीच्या सावलीतून थोडे तरी बाहेर येईल. यासाठी केंद्राचे ना-हरकत पत्र लागत नाही. रस्ते आणि चौक यांची नावे ठरवण्याचा अधिकार महापालिकेकडे आहेच.

तरीही उद्या कुणी शहराचे नाव बदलण्याचा ठराव आणलाच, तर तो कसा ठरवावा याविषयी कॅनडातले एक उदाहरण ध्यानात ठेवावे. सुपीरिअर सरोवराकाठची पोर्ट आर्थर आणि फोर्ट विल्यम ही दोन शहरे १९७० मध्ये एक झाली. नाव ठरवायला आदल्या वर्षी मतदान घेतले, आणि मतपत्रिकेवर तीन पर्याय ठेवले: थंडर बे, लेकहेड आणि द लेकहेड. थंडर बेला १५,८७० मते पडली, लेकहेडला १५,३०२ आणि द लेकहेडला ८,३७७. म्हणजे लेकहेड हवे असणारे बहुसंख्य होते, पण एका उपपदाने त्यांची मते फुटली आणि अल्पमताचे नाव शहराला कायमचे मिळाले. आपल्याकडे तर मतदानही होत नाही. मिरा-भाईंदरमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर काही वर्षे प्रशासकाचा कारभार होता. अशा काळात नावासारखा निर्णय कुणी घेतला असता तर तो कुणाचा म्हणायचा? तेव्हा ठराव आणणाऱ्यांनी आधी गावठाणांत जावे, उत्तनच्या कोळीवाड्यात, राई-मुर्ध्यात, काशीत, नया नगरात आणि शांती नगरात बैठका घ्याव्यात, हरकती लेखी घ्याव्यात आणि त्या छापून लोकांपुढे ठेवाव्यात. मतदान घ्यायचे तर दोन फेऱ्यांत घ्यावे, आणि पर्यायांमध्ये ‘आहे तेच नाव’ हा पर्याय पहिल्या क्रमांकावर असावा.